पुतळ्याआधी थोडा विचार



शताब्दीनिमित्त प्रांगणात संस्थापकांचा अर्धपुतळा बसवावा, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. तिच्या बाजूने वा विरुद्ध मत देण्यासाठी मी उभा नाही. मात्र निर्णयापूर्वी स्मारक या वस्तूकडे आजचे कलावंत कसे पाहतात, हे आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

प्रारंभ आपल्या गावापासून करू. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी दफनभूमीत ऑक्झिंडेन बंधूंची दुमजली, घुमटाची कबर आहे. ख्रिस्तोफर 1659 मध्ये वारला, सर जॉर्ज 1669 मध्ये. हा जॉर्ज म्हणजे 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा इंग्रजांची वखार राखणारा प्रमुख. त्या घुमटाखाली सुरतेच्या मराठी माणसाने कोणाच्या बाजूने उभे राहावे? अभिमान महाराजांचा आणि घर लुटल्या गेलेल्या शहरात, अशी आपली अवस्था आहे. ती लपवण्याचे कारण मला दिसत नाही. शेजारीच डचांच्या दफनभूमीत 1691 मध्ये वारलेल्या व्हान रीडची कबर आहे. इंग्रजांवर ताण करावी म्हणून ती इतकी भव्य बांधली, असे सांगतात. याच व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. त्याची कबर शोधत फारसे कोणी येत नाही. ग्रंथ मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ आजही उघडतात. (ग्रंथालयात बोलतो आहे म्हणून ग्रंथाची बाजू घेतो, असे कोणी म्हटले तर मान्य आहे.)

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1950 मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली. तेथे शिकलेले विवान सुंदरम यांनी 1993 मध्ये ‘मेमोरियल’ नावाची मांडणी केली. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या एका अनामिक माणसाचे, होशी जाल यांनी टिपलेले छायाचित्र वर्तमानपत्रात आले होते. तेच या कलाकृतीचे मूळ. त्या छायाचित्राभोवती सुंदरम यांनी खिळे ठोकले, ते काचपेटीत ठेवले आणि पत्र्याच्या ट्रंका रचून एक कमान उभी केली. राजांसाठी बांधतात तशी कमान, पण ट्रंकांची! खानदेशातून ट्रंक घेऊन सुरतेच्या स्थानकावर उतरलेल्या माणसाला ही कमान समजावून सांगावी लागणार नाही. डिसेंबर 1992 ची आठवण ज्यांना आहे, त्यांना ते छायाचित्रही परके वाटणार नाही. ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही त्याचे स्मारक कसे करायचे, हा प्रश्न या कलाकृतीने विचारला, आणि माझ्या मते तो त्या काळातील फार थोड्यांनी विचारला.

दिल्लीच्या रक्स मीडिया कलेक्टिव्हने 2015 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ‘कॉरोनेशन पार्क’ मांडले: चौथऱ्यांवर पोकळ, अपुरे राजपुरुष. दिल्लीच्या ज्या मैदानात 1911 चा दरबार भरला, तेथेच पुढे इंग्रज सत्ताधीशांचे पुतळे आणून ठेवले गेले. हे नाव त्या मैदानाचे.

याचा अर्थ भव्यतेचा तिटकारा करावा असा मी लावत नाही. केवडियाचा 182 मीटर उंचीचा सरदारांचा पुतळा ज्यांच्या शिल्पातून उभा राहिला, ते राम सुतार धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे. त्याच जिल्ह्यातील किती माणसे उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर राबली! त्यांची नोंद कोठे आहे?

काही प्रमाणात ती आपल्याकडे आहे. जुन्या सभासद-नोंदवह्यांत नावे, व्यवसाय, वर्गणीच्या तारखा आहेत. काही ठिकाणी सहीऐवजी अंगठा. वाचता न येणारा माणूस मुलासाठी वर्गणी भरत असावा, असा माझा तर्क. अर्धपुतळ्याचा निर्णय सभा करीलच. पण त्या वह्या वरच्या मजल्यावरील भिंतीच्या कपाटात आहेत आणि त्या भिंतीला ओल येते. पावसाळ्यापूर्वी त्यांची बांधणी करून त्या खाली, काचेच्या कपाटात आणाव्यात, एवढी माझी विनंती कार्यकारी मंडळाने नोंदवून घ्यावी.