शाळेचे ग्रंथालय आणि नवे यंत्र

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवानंतर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. शालान्त परीक्षा आणि त्यापुढील अध्यापन पदविका एवढीच माझी विद्येची पुंजी. त्यामुळे पांडित्याचे काही आपणापुढे मांडण्याचा माझा अधिकार नाही. परंतु सहावी, सातवी आणि आठवी या इयत्तांतील मुले मी पुष्कळ वर्षे जवळून पाहिली आहेत, आणि त्याच वयाच्या मुलांसंबंधी एक प्रश्न सध्या आपल्या मंडळापुढे निर्णयासाठी आला आहे. शिक्षणनिधीतून गुणवंत विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक टॅब भेट द्यावा, अशी ती सूचना आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू थोर आहे, यात शंका नाही. तथापि तोच निधी गावच्या शाळेतील ग्रंथालयाकडे वळवला, तर त्याचे फळ अधिक मुलांना आणि अधिक काळ मिळेल, असे माझे नम्र मत आहे. ते तसे का, एवढेच मी आज सांगणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्रंथालयाचा कैवार घेणारा मनुष्य यंत्राचा वैरी असतो, असे तरुण मंडळींना वाटते. आणि मुलाच्या हाती यंत्र आले की पुस्तक सुटलेच, असे आम्हा वृद्धांना वाटते. दोन्ही पक्ष अर्धवट खरे आहेत. ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची ‘असर’ या नावाने ओळखली जाणारी पाहणी २०२३ मध्ये झाली. त्यांपैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता. त्याच पाहणीत असेही आढळले की, सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलितपणे वाचता येत नव्हता. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. यंत्र घरोघरी पोहोचले. वाचन मात्र पोहोचले नाही. तेव्हा ज्या गोष्टीची टंचाई आहे ती सोडून, जी मुबलक झाली आहे तिचीच भर घालणे कितपत शहाणपणाचे होईल, याचा विचार आपण केला पाहिजे.

अकरा ते चौदा हे वय मी मुद्दाम निवडतो. चौथी-पाचवीपर्यंत मूल वाचावयास शिकते. त्यानंतर त्याने वाचून शिकावयाचे असते. इतिहास, विज्ञान, भूगोल यांची पुस्तके येथून पुढे जाडजूड होतात, वाक्ये लांब होतात, अनोळखी शब्द वाढतात. ज्याचे वाचन केवळ पाठ्यपुस्तकापुरते राहिले, ते मूल या वळणावर मागे पडते, आणि मग आपण म्हणतो की, त्याला गणित जमत नाही. वास्तविक कित्येकदा त्याला गणितातील उदाहरणाचे शब्दच नीट उलगडलेले नसतात.

यावर उपाय शोधण्यास फार दूर जावयास नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे घालून दिले आहे. पुष्कळ शाळांत पुस्तके आहेतही. पण ती कोठे आहेत? मुख्याध्यापकांच्या खोलीत, खुर्चीच्या पाठीमागे, कुलूपबंद कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात. यात शिक्षकांचा दोष काढणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. कपाटातील सामानाची जबाबदारी एका शिक्षकावर असते. बदली झाली की त्याला सर्व पुस्तके मोजून दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी लागतात. एखादे कमी भरले तर ते भरून देण्याची चिंता त्यालाच. ज्या वहीत टेबले, घंटा आणि सतरंज्या लिहावयाच्या, त्या जडवस्तू संग्रहाच्या वहीतच कित्येक ठिकाणी पुस्तकेही लिहिली गेली. मग हिशेबात पुस्तक शाबूत राहावे म्हणून ते मुलापासून दूर ठेवले जाते. हाताळून फाटलेले पुस्तक हे ग्रंथालयाचे भूषण आहे, नुकसान नव्हे, हे वरिष्ठांनी आणि गावाने एकदा मान्य केले, तर निम्मे काम तेथेच होईल. वर्षाकाठी काही पुस्तके हरवतील आणि फाटतील, हे गृहीत धरूनच तरतूद केली पाहिजे.

आपल्या भाषेच्या माणसांना ही दृष्टी नवी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेले अक्षर विसरले जाईल, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. खेड्यापाड्यांतून लाकडी पेट्या भरून पुस्तके फिरत असत. एका गावची पेटी वाचून झाली की ती पुढच्या गावी जाई. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपले पाच नियम मांडले. ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, हा त्यांतील पहिल्याचा आशय. बडोद्याची फिरती पेटी ही त्या नियमाची आधीच घडलेली कृती होती.

आता यंत्राकडे येतो. यंत्राची योग्य जागा ग्रंथालयातच आहे, हे माझे मुख्य म्हणणे. एक उदाहरण घ्या. सातवीतील एखाद्या मुलीने पक्ष्यांवरील पुस्तकात तांबट पक्ष्याचे वर्णन वाचले. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा त्याचा आवाज, असे त्यात लिहिले आहे. पुस्तक तिला येथवर आणून सोडते. शेजारच्या संगणकावर तिने तो आवाज ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या वडावरून तोच आवाज येत असल्याचे तिला समजले, तर पुस्तक, यंत्र आणि वड हे तिन्ही त्या मुलीचे शिक्षक झाले. हेच यंत्र एकटे तिच्या हाती दिले असते, तर तिने ते कशासाठी उघडले असते? प्रश्न मनात असल्याखेरीज यंत्राला विचारावयाचे काय? हा प्रश्न मनात उत्पन्न करण्याचे काम वाचन करते.

पाठ्यपुस्तकाला यंत्राची जोड कशी द्यावी, याचा धडा आपल्याच राज्यातील एका खेड्याने घालून दिला आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानांना क्यूआर कोड जोडून त्यामागे गोष्टी, कविता आणि पाठ ठेवले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेथे यंत्र पुस्तकाच्या जागी आले नाही. ते पुस्तकाच्या पानावर येऊन बसले.

शिवाय या यंत्राच्या द्वारे आज मराठीतील केवढे तरी भांडार विनामूल्य खुले झाले आहे. आमच्या काळी विश्वकोशाचा एक खंड पाहावयाचा तर तालुक्याच्या गावी जावे लागे. आज संपूर्ण मराठी विश्वकोश संगणकावर वाचता येतो. १९७१ पासून निघत असलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तेथे आहेत. ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मुलांसाठी सचित्र मराठी गोष्टी आहेत, आणि त्या कोणीही उतरवून घेऊन छापू शकतो. ज्या शाळेत पुस्तके थोडी, तेथे एका संगणकाने आणि एका छपाईयंत्राने कपाटाचा एक खण भरता येईल.

परंतु यंत्रावर जे जे दिसते ते ते खरे नसते, हेही मुलांना याच खोलीत शिकवले पाहिजे. आपण मोठी माणसेही मोबाइलवर आलेला मजकूर न पडताळता पुढे पाठवतो. आता तर प्रश्न टाकताच निबंध लिहून देणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांची भाषा सफाईदार असते, पण माहिती काही वेळा साफ चुकीची असते. यावर साधा नेम असा असावा की, यंत्रावर मिळालेली गोष्ट एका छापील पुस्तकात अथवा विश्वकोशात पडताळल्यावाचून वहीत उतरवावयाची नाही. बाराव्या वर्षी ही सवय लागली, तर ती जन्मभर उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट भगिनीवर्गाने विशेष लक्षपूर्वक ऐकावी. मघाशी सांगितलेल्या पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के, तर मुली सुमारे २० टक्के होत्या. घरात एकच यंत्र असले म्हणजे ते प्रथम कोणाच्या हाती जाते, हे आपणांस ठाऊक आहे. आपण मुलीला टॅब भेट दिला, तरी घरी गेल्यावर तो धाकट्या भावाकडे जाणार नाही, याची हमी कोण देईल? शाळेच्या ग्रंथालयातील संगणकापाशी मात्र वहीत नाव लिहून पाळीपाळीने बसावयाचे असते. तेथे मुलीची अर्ध्या तासाची पाळी कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

आता व्यवहाराचे बोलतो. एका साधारण टॅबच्या किमतीत मुलांची लहान सचित्र पुस्तके शंभराच्या आसपास येतात. टॅब तीन-चार वर्षांत जुना होतो, आणि तो एका घराचा असतो. पुस्तके शेकडो हातांतून जातात. म्हणून माझी विनंती अशी की, निधीतून प्रथम मुलांच्या उंचीची उघडी मांडणी, दोनएकशे निवडक पुस्तके, एक मासिक व एक दैनिक आणि दोन संगणक, एवढे साहित्य शाळेस द्यावे. त्याबरोबर शाळेकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात. पहिली, प्रत्येक वर्गास आठवड्यातून एक तासिका ग्रंथालयाची असावी आणि ती दुसऱ्या विषयाकडे जाऊ नये. दुसरी, पुस्तक घरी नेण्याची मुभा असावी आणि देवघेवीची वही आठवीच्या मुलामुलींनीच सांभाळावी. पुढे तीच वही त्यांनी संगणकावर चढवावी, म्हणजे हिशेबही शिकतील आणि यंत्रही. तिसरी, महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाने वाचलेल्या पुस्तकाविषयी दहा ओळी देवनागरीत स्वतः टंकलिखित कराव्यात. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी या लेखांचे हस्तलिखित वजा पुस्तक सिद्ध व्हावे, आणि आपण त्याच्या प्रकाशनास जावे. अर्थात या सर्वांमागे आस्था असलेला एक मनुष्य लागतो. शाळेत तो नसेल, तर आपल्या ज्ञातीतील निवृत्त मंडळींनी आठवड्यातून एक दुपार द्यावी. माझे नाव त्या यादीत प्रथम घालावे.

काही बंधू विचारतील की, शाळा तर सर्व जातींच्या मुलांची. मग आपल्या ज्ञातीचा पैसा तेथे का घालावा? प्रश्न रास्त आहे, आणि तो मनात न ठेवता बोलून टाकलेला बरा. त्यास इतिहासाने दिलेले उत्तर मी आपणांस सांगतो. मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहणारा एक विद्यार्थी वाचनासाठी चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत असे. तेथे येणारे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याची आवड हेरली आणि ते त्याला वाचावयास पुस्तके देऊ लागले. १९०७ मध्ये तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा झालेल्या सत्कारसभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्दही टाकला. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. केळुसकर त्यांच्या जातीचे नव्हते. बागेतल्या त्या मुलाची जात पाहून पुस्तक देण्याचे ठरले असते, तर देश केवढ्या गोष्टीला मुकला असता! आपली मुलेही त्याच शाळेच्या सतरंजीवर इतरांच्या शेजारी बसतात. शेजारचे मूल वाचू लागले की आपलेही वाचू लागते. वाचनाचा छंद एकट्याने लागत नाही, तो लागट असतो.

गुणवंतांचा गौरव जरूर व्हावा. त्यांना प्रशस्तिपत्र आणि एकेक उत्तम ग्रंथ द्यावा. परंतु आज व्यासपीठावर येऊन गेली ती मुले आपल्या मदतीवाचूनही पुढे जाण्याची शक्यता बरीच आहे. ज्यांचे नाव आज पुकारले गेले नाही, जी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, त्यांच्यासाठी ग्रंथालय आहे. कार्यकारी मंडळाने पुढील बैठकीत या दृष्टीने विचार करावा, एवढी माझी प्रार्थना आहे.