परवाना बंदुकीला, बेडी फाशाला
(कुरुळी येथील युवक मेळाव्यातलं भाषण)



इथं चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर ‘लोकल का बाहेरचा’ हा सवाल रोज होतो. म्हणून आज शिकारीच्या परवान्याची गोष्ट सांगतो. हसू नका, आपल्याच दारातली आहे.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १९७६ साली एल्क हरीण मारायचा परवाना स्थानिकाला ९ डॉलरला मिळायचा. बाहेरच्याला २२५ डॉलर मोजावे लागायचे. बाहेरचे कोर्टात गेले. १९७८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, असा फरक करायला राज्याला मुभा आहे. म्हणजे जनावर ज्याच्या मुलखातलं, त्याला स्वस्त. (तिथल्या मूळ आदिवासींना आधीच राखीव तुकड्यांत कोंडलं होतं, ते सोडा.)

आता आपल्याकडं या. रानाचा खरा लोकल कोण? फासेपारधी. ज्या १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, त्याच साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात मोठ्या शिकारीचा परवाना होता, लहान शिकारीचा होता. पण फासा, जाळं, सापळा लावायला बंदी! लावायचाच तर जनावरं पकडायचा वेगळा परवाना काढा. कुणी काढायचा? ज्याच्या जमातीला इंग्रजाने जन्मतः गुन्हेगार ठरवलं, १९५२ साली तो कायदा गेला तरी गावात चोरी झाली की पोलीस ज्याच्या पालावर येतो, त्याने? साहेबाची बंदूक म्हणजे छंद, पारध्याचा फासा म्हणजे गुन्हा. असला हा हिशेब.

१९९१ साली दुरुस्ती झाली, शिकारीचे परवाने बंद झाले. चांगलं झालं, रान वाचलं पाहिजे. साहेबाचा छंद गेला, पारध्याची भाकर गेली. त्याच कायद्यात ६५ वं कलम आहे. निकोबार बेटांवरच्या आदिवासींचा शिकारीचा हक्क त्याने शाबूत ठेवलाय. पारध्यासाठी असं एक अक्षर नाही.

आणि गंमत बघा. यवतमाळात अवनी वाघीण माणसं मारतेय म्हटल्यावर नेमबाज कुठून आणला? हैदराबादहून! २ नोव्हेंबर २०१८ ला त्याच्या मुलाने तिला गोळी घातली. तेव्हा ‘लोकल का बाहेरचा’ कुणी विचारलं नाही.

आपण पुन्हा शिकार मागत नाही. आपल्या खेड तालुक्यात भीमाशंकरचं अभयारण्य आहे, उसात बिबट्या आहे. माग काढायला माणूस लागतोच. ती नोकरी पारध्याच्या पोराला द्या, कायम द्या, रोजंदारीवर नको. निवेदन राजगुरुनगरला द्यायचंय. सह्या आज इथंच करा, आणि जाताना पालावरच्यांना सोबत घेऊ. त्यांच्यावाचून जायचं नाही.