खांद्याचे हाड : तारेने बांधावे की धाग्याने?

(इचलकरंजी येथे यंत्रमाग कामगार व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेले भाषण)



धागा आणि त्याचा ताण यांविषयी इचलकरंजीकरांना काही सांगणे हे धाडसच होय. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी या गावात पहिला यंत्रमाग सुरू केला. सूत सैल पडले तर कापड बिघडते आणि फाजील ताणले तर ते तुटते, हे येथे घरोघरी ठाऊक आहे. आजचा प्रश्न याच जातीचा आहे. मात्र येथे बांधायचे आहे ते माणसाचे हाड.

दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी गोल डोके आणि त्यालगत एक मोठा व एक लहान असे दोन उंचवटे असतात. खांदा फिरविणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा या उंचवट्यांना जोडलेल्या असतात. उतारवयात ठिसूळ झालेले हे टोक साध्या पडण्यानेही मोडते. उंचवटे सुटतात आणि स्नायू त्यांना आपापल्या दिशेला ओढतात. ते जागी जुळले नाहीत, तर वेणी घालणे, फडताळावरचा डबा काढणे, मागावरचा तुटलेला धागा सांधणे, हे सारेच अवघड होऊन बसते.

शस्त्रक्रियेत, विशेषतः कृत्रिम सांधा बसविताना, हे तुकडे बांधावे लागतात. पूर्वी त्यासाठी पोलादी तार वापरीत. पुढे पॉलिएस्टरचा गुंफलेला धागा आला; त्यानंतर पॉलिएथिलिनचा अधिक चिवट धागा आला. धातूची केबल म्हणजे अनेक बारीक तारा पिळून केलेली दोरी. ती उपकरणाने मोजून ताणता येते व धातूच्या कडीने दाबून पक्की करता येते. प्रयोगशाळेत वारंवार भार देऊन पाहिले असता, केबलने बांधलेले तुकडे धाग्याने बांधलेल्यांपेक्षा कमी सरकतात, असे आढळले आहे. धाग्याची गाठ सैल पडू शकते.

मग सर्वत्र केबलच का नको? कारण वृद्धांच्या हाडाची भिंत अंड्याच्या कवचासारखी पातळ असते. कठीण केबल तीत रुतू शकते. तार तुटल्यास तिची टोके टोचतात आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर ती काढणे जिकिरीचे ठरते. धागा मऊ असतो. कंडरा जेथे हाडाला मिळते, त्या बळकट जागेतून तो ओवता येतो. सबब बळकटी एकट्या दोरीची पाहून भागत नाही, दोरी आणि हाड यांच्या जोडीची पाहावी लागते. शिवाय दोन्ही बांधण्या तात्पुरत्याच. खरा सांधा शरीरच घालते.

आणखी एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. ब्रिटनमध्ये अशा जागचे हललेले हाड असलेल्या २५० रुग्णांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेले आणि केवळ झोळीत हात ठेवून पुढे व्यायाम केलेले, अशा दोन्ही गटांत दोन वर्षांअखेर लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा प्रत्येक मोडलेल्या खांद्याला ना तार लागते, ना धागा. कोणाला काय हवे, हे क्ष-किरण चित्र पाहून तज्ज्ञाने ठरवावयाचे असते.

आपण एवढे अवश्य करावे. पडल्यानंतर खांदा चोळू अथवा ओढू नये. आधी क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते, म्हणून झोळी लवकर फेकून मागावर उभे राहण्याचा मोह होतो; तो टाळावा. उलट, भीतीपोटी हात महिनोन्‌महिने बांधूनही ठेवू नये, सांधा आखडतो. सांगितलेला व्यायाम सांगितलेल्या दिवशी सुरू करावा. योग्य ताण आणि योग्य वेळ यांचे मोल या गावाला मी वेगळे काय सांगावे!