भिंतीतली तार आणि कोपऱ्यातलं कॅबिनेट

छोट्या धंद्यात नेटवर्कचं काम निघालं की पहिली विचारणा होते ती यंत्राची: स्विच कोणता घ्यावा, राउटर कोणत्या कंपनीचा? माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिले पैसे तारेवर आणि अर्थिंगवर घाला. स्विच आज ना उद्या बदलावाच लागतो. गिलाव्याखाली गेलेली तार मात्र उकरायची म्हटली की दुकान बंद ठेवावं लागतं.

बीडकरांना हे पटायला हवं. निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळापासून, म्हणजे सोळाव्या शतकापासून, बीडच्या खजाना विहिरीचं नाव आहे. पण शेतापर्यंत पाणी नेलं ते जमिनीखालच्या नहरींनी. त्या चोख बांधल्या म्हणून विहिरीला अर्थ आला.

माजलगाव किंवा गेवराईकडची एखादी कापसाची जिनिंग डोळ्यांसमोर आणा. फाटकाशी वजनकाटा, मधे ऑफिस, पलीकडे पत्र्याची गोदामं. लोखंडी पत्र्यातून वायफाय नीट जात नाही, म्हणून तार हवीच. तारा आणि स्विच एकत्र ठेवायचं कॅबिनेट मात्र ऑफिसात ठेवा, जिनिंगच्या शेडमध्ये कधीही नको. रुईचे बारीक तंतू पंख्यांत आणि जाळ्यांत बसतात, यंत्र तापतं, आणि कापसाशेजारी तापलेलं काहीच नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. तेव्हा पत्र्याच्या छताला टेकून किंवा पश्चिमेच्या भिंतीवरही ते लावू नका.

कॅट-सिक्स तारेची मर्यादा 100 मीटर: भिंतीतली 90, आणि दोन्ही टोकांच्या छोट्या जोडतारा, म्हणजे पॅच कॉर्ड, मिळून 10. वजनकाटा त्याहून लांब असेल तर फायबर टाकावी लागते. पण साठच मीटरवर असला, तरी इमारत वेगळी असेल तर मी फायबरच टाकायला सांगेन. कारण वळीव. वीज जवळपास कोसळली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर विजेच्या दाबाचा मोठा फरक पडतो, आणि तांब्याची तार त्या दाबाला थेट स्विचपर्यंत वाट करून देते. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. फायबरही धातूचं कवच नसलेली मागा, नाहीतर तिच्या कवचातून तोच धोका आत येतो.

आता तारेची पारख. स्वस्त तारेत पुष्कळदा आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. पात्याने खरवडलं की पांढरी चकाकी दिसते. अशी तार लवकर तुटते. शिवाय त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही पुरवायची असेल तर ती जास्त तापते. व्यापाऱ्याला सरकीतली भेसळ चालत नाही, मग भिंतीत कायमची जाणारी वस्तू न तपासता कशी घेता? खोका फोडल्याबरोबर समोर खरवडून बघा.

तार ओढताना ती विजेच्या वायरीसोबत एकाच पट्टीत कोंबू नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

कॅबिनेटमध्ये फार काही नसतं. 19 इंची चौकट. उंची ‘यू’मध्ये मोजतात, 1 यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. बारा-पंधरा पॉइंटना 24 पोर्टचं पॅच पॅनेल, तेवढाच स्विच आणि तारा वळवून ठेवायची पट्टी. 9 यूचं कॅबिनेट पुरतं आणि थोडी जागा उरतेही. भिंतीतली तार पॅनेलवर कायमची बसवायची. रोजची हलवाहलव छोट्या कॉर्डवर. जड यूपीएस भिंतीवरच्या कॅबिनेटमध्ये नको, खाली ठेवा. कॅबिनेटच्या लोखंडालाही अर्थिंग द्या. ही गोष्ट आपल्याकडे हमखास राहते.

प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच नंबर हवा, आणि कोणता नंबर कुठे जातो त्याचा नकाशा दाराच्या आतल्या बाजूला. एक प्रत मालकाकडे, पासवर्डसकट, कुलपात. प्रत्येक पॉइंट टेस्टरने तपासून दाखवल्याशिवाय आणि नकाशा हातात पडल्याशिवाय कारागिराचा शेवटचा हप्ता देऊ नका. जुन्या जिनिंगमध्ये नंबरच नसतील, तर मशिनं बंद असण्याचा काळ गाठा. नवा कापूस यायच्या आत एकेक तार शोधून तिला चिठ्ठी लावून घ्या.