फरेंज बाईंचा इंग्रजीचा तास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पिंपरी-चिंचवडच्या माणसाला परदेश काही नवा राहिलेला नाही. निगडी-प्राधिकरणात गल्लीत एखादा तरी मुलगा अमेरिकेत किंवा जर्मनीत असतोच. पण तो गेलेला असतो इंजिनिअर म्हणून. ‘मी इंग्रजी शिकवायला परदेशात गेले होते,’ असं सांगितलं, की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. मग हळूच विचारतो, ‘पण इंग्रजी तर तिकडून इकडे आलं ना?’ देशाचं नाव इथिओपिया असं कळलं, की त्याचा चेहरा आणखीनच पडतो. त्याच्या डोळ्यांसमोर १९८४-८५ च्या दुष्काळातली छायाचित्रं असतात.

खरं तर भारतीय शिक्षक आणि इथिओपिया हे नातं फार जुनं आहे. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात, म्हणजे १९७४ पर्यंत, शेकडो भारतीय शिक्षक तिथल्या शाळांतून शिकवत होते. त्यात केरळचे सर्वांत जास्त. आजही तिथे साठी-सत्तरीचा माणूस भेटला, की ‘मला गणित शिकवायला इंडियन टीचर होते,’ असं हमखास सांगतो. पुढे २००० नंतरच्या दशकात त्या देशाने एकामागून एक नवी विद्यापीठं काढली. तिथे नववीपासून पुढचं शिक्षण इंग्रजीत आहे. एवढ्या विद्यापीठांना पुरतील इतके प्राध्यापक देशात नव्हते. तेव्हा पुन्हा भारतातून भरती झाली आणि त्या लाटेत २००८ साली मीही गेले.

जाण्याचं कारण सांगते, कारण ते आपल्याकडच्या अनेकांचं आहे. एम. ए., बी. एड. होऊन मी सहा वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. जितके तास, तितके पैसे. दिवाळीची सुट्टी लागली, की पगारालाही सुट्टी. बाबा आकुर्डीला बजाज ऑटोतून रीतसर निवृत्त झाले होते, धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं. वय एकोणतीस, लग्न झालेलं नाही. नातेवाइकांच्या सल्ल्यांना तोटा नव्हता. बाबा एवढंच म्हणाले, ‘जाऊन ये. नाही जमलं तर घर आहेच.’

गाव होतं बहिर दार. ताना सरोवराच्या काठी, निळी नाईल जिथून निघते तिथे. राजधानी अदिस अबाबा सुमारे २३०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही कितीतरी उंच. विमानतळावर बॅग उचलून चार पावलं टाकली तर धाप लागली. बहिर दार त्याहून खाली, हवा सुखाची. रस्त्यावर पोरं ओरडायची, ‘फरेंज! फरेंज!’ म्हणजे परकी बाई. आपल्या ‘फिरंगी’चाच हा सख्खा भाऊ. आकुर्डीच्या मुलीला कुणी फिरंगी म्हणेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि गंमत पाहा, त्याच रस्त्यावर निळ्या तीनचाकी रिक्षा धावत होत्या आणि लोक रिक्षाला म्हणत होते ‘बजाज’. ‘बजाज थांबव’, ‘बजाजने जा’. ज्या नावाच्या फाटकातून बाबा रोज आत जायचे, ते नाव तिथे सामान्यनाम झालं होतं. फोनवर सांगितलं तर बाबा कितीतरी वेळ हसत होते.

घड्याळ आणि पंचांग नव्याने शिकावं लागलं. तिथे दिवस सकाळी सहाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. ‘पहिला तास दोन वाजता,’ असं कारकून सांगतो, म्हणजे आपले आठ. आपल्या पंचांगातही दिवस सूर्योदयापासूनच मोजतात, त्यामुळे मला ते विचित्र वाटलं नाही. वर्षाला महिने तेरा. बारा महिने तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. त्यांचं साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. त्यांचं २००० साल उजाडलं आपल्या १२ सप्टेंबर २००७ ला. मी गेले तेव्हा तिथे २००१ चालू झालं होतं.

जेवणाची धास्ती होती, कारण मी शाकाहारी. पण तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचे बुधवार-शुक्रवार उपास असतात आणि ईस्टरच्या आधी पंचावन्न दिवसांचा मोठा उपास. उपासात मांस, दूध, अंडी वर्ज्य. ‘उपासाचं द्या’ एवढं अम्हारिकमध्ये सांगता आलं, की शाकाहारी माणसाचं पोट भरतं. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून इंजेरा करतात. आपल्या आंबोळीची मोठी, आंबट बहीण म्हणा. त्यावर शिरो वाढतात. शिरो म्हणजे चक्क पिठलं! फक्त फोडणीऐवजी बर्बेरे नावाचा लाल मसाला. पहिला घास घेतला आणि घशाशी आवंढा आला. पिठलं इतक्या लांब भेटेल असं वाटलं नव्हतं.

आता वर्गाकडे येते. पहिल्याच तासाला मी विचारलं, ‘समजलं का?’ आणि साठ-सत्तर मुलांनी एकदम दचकल्यासारखा श्वास आत ओढला. मागे पाहिलं, साप-बिप निघाला की काय! नंतर कळलं, तिथे ‘हो’ म्हणायची ती पद्धत आहे. हजेरी घेताना आडनाव शोधायचं नाही, कारण आडनाव नसतंच. मुलाचं नाव आणि पुढे वडिलांचं नाव. आपल्या तीन नावांतलं शेवटचं गाळलं, की झालं.

महिनाभराने वर्गप्रतिनिधी भेटायला आला. फार नम्र मुलगा. म्हणाला, ‘टीचर, तुम्ही चांगलं शिकवता. पण आम्हाला इंग्रजांसारखे उच्चार कोण शिकवणार?’ श्रोतेहो, इंग्रजीच्या भारतीय शिक्षकाला हा प्रश्न जगात कुठेही गाठतो. दक्षिण कोरियात तर इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुळात सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठीच. २०१० साली भारत-कोरिया करार अमलात आला, तेव्हा पात्र भारतीय शिक्षकांना शाळांत साहाय्यक म्हणून एक वाट मिळाली. म्हणजे प्रश्न त्या एका मुलाचा नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तर दिलं. सांगितलं, मी मराठी शाळेत शिकले. आमच्या वेळी ए-बी-सी-डी पाचवीत सुरू व्हायची, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. माझ्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, तुमच्याही अम्हारिकमध्ये शेवटीच येतं. ‘मी कॉफी पिते’ हा शब्दक्रम तुमचा आणि माझा एकच. म्हणून लांब वाक्यात तुमचं क्रियापद कुठे हरवतं ते मला कळतं, माझंही तिथेच हरवायचं. ‘द’ कुठे लावायचा हे मी पाठ करून नव्हे, शंभरदा खोडून शिकले. इंग्रज माणसाला पाय कुठे घसरतो ते दिसत नाही, कारण तो त्या वाटेने कधी चाललेलाच नाही. वर्गाने श्वास आत ओढला. त्या दिवसापासून त्यांची वाक्यं फळ्यावर मांडून, त्यांच्या भाषेतलं वाक्य शेजारी लिहून शिकवायला लागले. त्यासाठी अम्हारिक लिपी शिकले. तीही बाराखडीच, फक्त प्रत्येक अक्षराची सात रूपं. मराठी माणसाला जड नाही. उच्चारांसाठी वर्गात रेडिओ लावू लागलो, म्हणजे तीही अडचण सुटली.

हे सगळं गोड चित्र झालं. दुसरी बाजूही ऐका. ज्या एजंटाने मला पाठवलं, त्याने फी घेतली आणि तिकीट हातात दिल्यावर फोन उचलला नाही. टेलिफोनची एकच सरकारी कंपनी, इंटरनेट मुंगीच्या गतीने. तिसऱ्या वर्षी बाबांची बायपास झाली. बहिर दारहून अदिस, तिथून मुंबई, मुंबईहून निगडी. मी पोचले तेव्हा चौथा दिवस होता. यमुनानगरच्या शेजाऱ्यांनी रक्त देण्यापासून डबा पोचवण्यापर्यंत सगळं केलं होतं. बाबा पलंगावरून म्हणाले, ‘मी १९७२ च्या दुष्काळात माणहून आकुर्डीला आलो. माझा बाप गेला तेव्हा मला पोचायला तीन दिवस लागले होते, तेही जिल्हा शेजारचा असून. लांब जाणाऱ्याला हे चुकत नाही. परत कधी जायचंय?’ मी परत गेले आणि करार पूर्ण करून २०१२ साली आले.

त्यामुळे जे तरुण विचारायला येतात, त्यांना मी चार गोष्टी सांगते. करार लेखी घ्या. पगार कोणत्या चलनात, त्यातला किती देशाबाहेर पाठवता येईल, घरभाडं आणि परतीचं तिकीट कोणाचं, हे त्यात हवं. एजंट असेल तर त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’वर पाहा. इथिओपियासारख्या देशात जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्या. तो दाखला नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात बसवतात. आणि त्या भागाची आजची परिस्थिती तपासा. माझं बहिर दार शांत होतं, पण २०२३ पासून त्या अम्हारा प्रांतात सशस्त्र संघर्ष उसळला आहे. माझे विद्यार्थी तिथे आहेत, त्यांच्या निरोपाची मी वाट पाहते.

लोक विचारतात, रुळायला किती दिवस लागले? घरमालकीणबाईंना मी ‘इमाये’ म्हणायची, म्हणजे आई. त्या कॉफीला बोलवायच्या. हिरव्या बिया समोर भाजायच्या, कुटायच्या आणि तीन फेऱ्या होईपर्यंत उठायचं नाही. आठ महिने मी त्यांच्याकडे पाहुणी होते. मग एक दिवस त्या स्वतः दार वाजवून आल्या. मुलाच्या नोकरीसाठी इंग्रजी अर्ज लिहून हवा होता. जाताना म्हणाल्या, ‘हळद असेल तर थोडी दे.’ त्या रात्री मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

आज आपल्या पट्ट्यातच परदेशातून आलेली माणसं आहेत. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला, २०२३ मध्ये तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईने केला. जर्मन, कोरियन, जपानी इंजिनिअर येतात, त्यांच्याबरोबर बायका-मुलं येतात. त्यातल्या काही कोरियन बायका माझ्याकडे इंग्रजी शिकतात. त्यांना आधी व्याकरण लागत नाही. ‘भैया, कोथिंबीर फ्री द्या’ आणि ‘लिफ्ट बंद आहे का’ एवढं इंग्रजी-मराठी आधी लागतं. आपल्याकडच्या माणसाचं मान हलवणं म्हणजे हो की नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी त्यांना श्वास आत ओढणाऱ्या वर्गाची गोष्ट सांगते.

परवा त्यांतली एक उशिरा आली. कारण विचारलं तर म्हणाली, शेजारच्या काकू गावाला गेल्यात, घराची किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्यात, तुळशीला पाणी घालायचं होतं. मी तिला म्हटलं, ‘आता तुम्ही इथल्या झालात.’ आपल्या इमारतीत असं कुणी नवं राहायला आलं असेल, मग ते कोरियाचं असो की बिहार-ओडिशाचं, तर त्यांना मदत जरूर करा. पण एखाद्या दिवशी त्यांच्याकडे वाटीभर साखरही मागायला जा.