नखांची निगा आणि दुरुस्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला घरगुती विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठ्या विषयाला हात न घालता मी हाताच्याच विषयावर बोलणार आहे. विषय आहे नखे! हसू नका. आपल्या वळसंगात कुणी नख म्हणते, कानडी घरांत उगुरु म्हणतात, तेलुगु बहिणी गोरु म्हणतात. पण ते मोडले म्हणजे तिन्ही भाषांतले दुखणे एकच असते.

नखांची निगा हा शहरातल्या हौशी बायकांचा विषय, असे आपल्याला वाटते. खरे पाहता नखांची गरज आपल्यालाच अधिक. सोलापूरकडच्या हजारो बाया घरी विड्या वळतात. पान भिजवायचे, कापायचे, तंबाखू भरून गुंडाळायचे आणि तोंड दुमडून दोरा बांधायचा. बोटांची टोके शाबूत असतील तरच हात चालतो, आणि मजुरी हजारी विड्यांवर. रब्बीची ज्वारी काढताना ताटे मुळासकट उपटावी लागतात. तेव्हा नखे मुळापासून हलतात. शेंगा फोडणे, भांडी, धुणे, सारवण ही तर रोजचीच कामे.

आधी नख म्हणजे काय ते पाहू. केस ज्या द्रव्याचा, त्याच द्रव्याचे नख. दिसते ते नख निर्जीव असते, म्हणून कापताना दुखत नाही. जिवंत भाग कातडीखाली, नखाच्या मुळाशी. हाताचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते. संपूर्ण नवे यायला सुमारे 6 महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्षही लागते. म्हणजे चिरलेले नख औषधाने सांधत नाही. ते पुढे सरकून कापले जाईपर्यंत जपायचे, हीच खरी दुरुस्ती.

ती अशी करावी. चिरलेले नख कधीही ओढू नये. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडा करावा. अडकणारा भाग नेलकटरने काढावा आणि कड बारीक कानशीने एकाच दिशेने घासावी. पुढे-मागे घासल्याने नखाचे पदर सुटतात. चीर मांसापर्यंत गेली नसेल, तर बिनरंगी नखपॉलिशचा एक हात द्यावा, त्यावर चहाच्या छोट्या पिशवीचा पातळ कागद चिरेएवढा कापून बसवावा, आणि वाळल्यावर वरून दुसरा हात द्यावा. पॉलिश नसेल तर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी आडवी लावावी व ओली झाली की बदलावी. रक्त येत असेल तर मात्र पॉलिश लावू नये.

नख उपटलेच, तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली बोट धरावे, धुतलेल्या फडक्याने दहा मिनिटे दाबावे, व्हॅसलीन लावून पट्टी बांधावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल दवाखान्यात विचारावे. जखमेवर माती, शेण, तंबाखू काहीही दाबू नये. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. बोटाला जखम असताना सारवणही दुसरीकडून करून घ्यावे.

आता नखुर्डे. नखाच्या कडेची कातडी ही घराच्या उंबऱ्यासारखी असते. ती दातांनी तोडली, किंवा हात दिवसभर ओले राहून ती सुटली, की जंतू आत शिरतात. आमच्या गल्लीतल्या एका विडीवाल्या बहिणीचा अंगठा असाच सुजला. शेजारणींनी लिंबाची टोपी घालायला सांगितली. ती तीन दिवस घातली. चौथ्या दिवशी ठणक्याने रात्रभर झोप नाही, आतून पू. डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला. बोट बरे झाले. पण जवळजवळ दोन आठवडे विडी बंद, मजुरी बंद, आणि किराणा उधारीवर. सुरुवातीलाच दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बोट बुडवून कोरडे केले, तर बरेचदा नखुर्डे बसते. पू दिसला, ताप आला किंवा लाली बोटावर पसरू लागली, तर घरी थांबू नये. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी पहिल्या दिवशीच जावे.

नखे आपल्याला निरोपही देतात. पांढरे ठिपके पडले की चुना कमी झाला असे म्हणतात; बहुधा ती नखाला लागलेल्या बारीक ठोक्याची खूण असते व वाढीबरोबर निघून जाते. नख जाड, पिवळे, भुसभुशीत झाले तर ते बुरशीचे असू शकते. तपासून औषध घ्यावे लागते आणि ते काही महिने चालते. मार न लागता नखावर नवी काळी उभी रेघ आली व रुंद होऊ लागली, तर विलंब न लावता दाखवावे.

सर्वांत महत्त्वाचा निरोप कासारीणबाईंनी ओळखला. बांगड्या भरताना त्यांनी आमच्या शेजारच्या सुनेचा हात धरला आणि म्हणाल्या, "पोरी, तुझी नखं पळीसारखी खोलगट झाली, पाण्याचा थेंब थांबेल त्यात." सून नुकतीच बाळंतीण झालेली, दम लागायचा, पण घरात सगळे तिला आळशी म्हणत. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 7 निघाले. बाईला ते 12 तरी असावे लागते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर न घेता लिंबाच्या पाण्याबरोबर घ्याव्यात, हेही तिला डॉक्टरांनी सांगितले. काही महिन्यांत नखे भरून आली, आणि आळशीपणाही गेला! भगिनींनो, तो आळशीपणा नव्हताच. आपण सासवा-जावांनी सुनेला बोल लावण्याआधी तिची नखे पाहावीत, एवढीच माझी विनंती.

रोजची निगा सोपी आहे. भांडी-धुणे शक्यतो एकदम उरकावे, म्हणजे हात वारंवार भिजत नाहीत. बोटांच्या बेचक्या पुसाव्यात. रात्री निजताना खोबरेल किंवा करडईचे तेल नखांच्या मुळाशी चोळावे. तेलाने नख लवकर वाढत नाही, पण कोरडे पडून तुटत नाही. कडेची कातडी कापू नये. हातांची नखे आखूड ठेवावीत; भाकरी थापणाऱ्या हाताला तेच शोभते. पायाची नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. नेलकटर एकमेकींत फिरवायचे असेल तर आधी उकळून घ्यावे. लग्नकार्यात मुली हल्ली चिकटवलेली नखे लावतात. हौस असावी, पण ती ओरबाडून काढू नयेत, आपल्या नखाचा पदर त्याबरोबर निघतो. रात्री नखे कापू नयेत असे जुन्या बाया सांगत. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात बोट कापले जाई, हे त्यातले शहाणपण. आता उजेड आहे. केव्हाही कापा, पण नीट पाहून कापा.

शेवटी एक सूचना मांडते. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्याऐवजी प्रत्येकीला एक नेलकटर वाण म्हणून द्यावे, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रातल्या ताईंना बोलावून सगळ्यांचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. घरादाराचे हात आपण पाहतो. वर्षातून एक दिवस आपले हात आपण पाहू या.