आपले खासदार आणि त्यांच्या आठवणी



दिल्लीच्या लोकसभेत बसून आलेल्या मंडळींनी आपल्या राजकीय आयुष्याच्या ज्या आठवणी लिहिल्या, त्यांविषयी मी आज बोलणार आहे. लोअर परळात बोलण्यासारखा हा विषय आहे काय, असा प्रश्न चालकांपैकी एकाने मला केला होता. त्यांची शंका रास्त आहे. तिचे उत्तर या सभास्थानाच्या जवळच, रस्त्याच्या पाटीवर लिहिलेले आहे, असे मला वाटते.

ज्या रस्त्याला आपले वडील डिलाईल रोड म्हणत आणि आपणही घाईत अजून तसेच म्हणतो, त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशी हे भारत सेवक समाजाचे सभासद. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली; परळचा दामोदर हॉल आपल्यापैकी पुष्कळांनी नाटकांच्या निमित्ताने पाहिला असेल, तो याच संस्थेचा. १९२१ पासून जवळजवळ पंचवीस वर्षे ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने बसत होते. नेमलेले सभासद, निवडून आलेले नव्हेत. कारण गिरणीतल्या माणसाला तेव्हा मतच नव्हते. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनी संघटनेच्या पुढाऱ्यांवर कोर्टाचा मनाई हुकूम आणला, आणि संप करणाऱ्या संघटनेला कायद्याचे काही संरक्षण नाही हे उघड झाले. तेव्हा कामगार संघटनांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा कायदा करावा असा ठराव १९२१ साली जोशींनी मांडला. कायदा झाला १९२६ साली. मध्ये पाच वर्षे गेली. या पाच वर्षांत कोणाची मनधरणी करावी लागली, कोणता सरकारी अधिकारी अनुकूल होता, कोणत्या कलमावर माघार घ्यावी लागली, हे त्यांच्याच शब्दांत वाचावे अशी माझी फार इच्छा होती. पण जोशींनी आत्मचरित्र मागे ठेवले नाही. १९५५ साली ते वारले. व. भ. कर्णिकांनी त्यांचे इंग्रजीत चरित्र लिहिले आहे आणि ते चांगले आहे. पण चरित्र ते चरित्र. आतला माणूस काय गिळून बसला होता, ते बाहेरच्याला कितीसे कळणार?

म्हणजे ज्याच्या नावाच्या रस्त्यावर आपण राहतो, त्याचीच कैफियत आपल्यापाशी नाही. गिरणगावच्या बाबतीत हे पुढेही असेच चालू राहिलेले दिसते. त्याकडे मी परत येईन.

आता ज्यांनी लिहिले त्यांच्याकडे वळू. या पुस्तकांची एक गंमत माझ्या ध्यानात आली आहे. तुरुंगावर पाने भरभरून असतात, आणि लोकसभेवर त्या मानाने थोडी. नानासाहेब गोरे १९५७ साली पुण्याहून लोकसभेत गेले; पण त्यांचे जे पुस्तक आपल्या घरांत पोहोचले ते ‘कारागृहाच्या भिंती’. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर मूळचे रत्नागिरीकडच्या घराण्यातले, अहमदाबादेत स्थायिक झालेले. त्यांनी गुजरातीत एक सुंदर पुस्तक लिहिले, तेही साबरमतीच्या तुरुंगात भेटलेल्या कैद्यांवर! याची कारणे काही फार गूढ नाहीत. तुरुंगात लिहायला वेळ मिळतो. तुरुंगात माणूस एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला, असा हिशेब सरळ असतो. सभागृहात मात्र काल ज्याच्यावर टीका केली त्याच्याच शेजारी आज बसावे लागते. आणि मंत्रिपद मिळाले की गुप्ततेची शपथ आली. आपल्या राज्यघटनेतच ती घातलेली आहे. मंत्र्याने मंत्रिमंडळातल्या गोष्टी बाहेर सांगावयाच्या नाहीत. मग आत्मचरित्रात उरते काय? उद्घाटने आणि परदेशचे दौरे.

तरीही काही माणसांनी सांगितले. एकच प्रसंग घेतो, कारण तो आपल्या रक्ताचा आहे: १९५६ साल.

त्या वर्षी मुंबई कोणाची, या प्रश्नावर दिल्लीत बसलेल्या दोन महाराष्ट्रीयांची पुस्तके आपल्यापाशी आहेत. पहिले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री होते, आणि १९५२ साली कुलाब्यातून निवडून आले होते. मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे पंडित नेहरूंनी जून १९५६ मध्ये इथे मुंबईत जाहीर केले. जुलैत देशमुखांनी राजीनामा दिला. राजीनामा देणाऱ्या मंत्र्याला सभागृहात निवेदन करण्याची मुभा असते, ती त्यांनी घेतली. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट विचार न होता जाहीर झाला, आणि मुंबईत गोळीबारात माणसे मेली तरी चौकशी झाली नाही, ही त्यांची दोन मुख्य गाऱ्हाणी. १९७४ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आले. त्यातला माणूस सनदी नोकर आहे; आवाज चढवीत नाही, शेरा मारतो आणि पुढे जातो. मला व्यक्तिशः हा थंडपणा थोडा खुपतो. पण विचार करा: गोळी लागलेल्यांत गिरण्यांतली माणसे होती, आणि त्यांच्यासाठी चौकशी मागणारा माणूस अर्थमंत्र्याच्या खुर्चीवरून उठला होता. तिथे आवाज चढविण्याची गरज नव्हती.

दुसरे काकासाहेब गाडगीळ. त्यांचा स्वभाव अगदी उलटा. १९३४ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात, म्हणजे ना. म. जोशींच्याच सभागृहात, १९४७ ते १९५२ नेहरूंचे मंत्री. त्यांचे ‘पथिक’ वाचताना समोर बसून कोणी गप्पा मारतो आहे असे वाटते. स्वतःची बाजू मांडण्याची हौस त्यांना भारी, आणि ती ते लपवीत नाहीत. ते काँग्रेसचे, पण मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून लोकसभेत स्वपक्षाला खडे बोल सुनावणारे. त्याचे फळ काय मिळाले? १९५७ साली पुण्याच्या मतदारांनी समितीचे गोरे निवडून दिले आणि काकासाहेबांना घरी बसविले. सभागृहात आपल्या बाजूने बोलले म्हणून लोकांनी सूट दिली नाही. कारण ते पक्ष सोडून आले नाहीत. हा न्याय झाला की अन्याय, यावर मी पुष्कळ वाद ऐकले आहेत. माझे मत असे की मतदार बरोबर होते आणि काकासाहेबांचे भाषणही बरोबर होते.

रस्त्यावरची बाजू हवी असेल तर एस. एम. जोशींचे ‘मी एस. एम.’ पाहा. समितीचे ते सरचिटणीस. लोकसभेत ते पुढे १९६७ साली गेले. पुढाऱ्याने स्वतःच्या चुका कबूल कराव्यात, असे आपण म्हणतो खरे, पण करणारे थोडे. एस. एम. त्या थोड्यांपैकी.

आणि चौथी बाजू? ज्यांनी १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक राज्याचे मुख्यमंत्रिपद घेतले, आणि पुढे दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही सगळी खाती पाहिली, त्या यशवंतराव चव्हाणांची? त्यांचे ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली आले. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना करावी लागेल. आईचे चित्र तर विसरता येत नाही. पण ते पुस्तक १९४६ पाशी थांबते. मुंबईच्या दिवसांचा एक आणि दिल्लीच्या दिवसांचा एक, असे आणखी दोन खंड लिहावयाचा त्यांचा विचार होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. ज्या माणसाला सर्वांत अधिक माहीत होते, त्याची नेमकी तीच पाने कोरी राहिली.

कोकणातली मंडळी इथे पुष्कळ दिसतात, म्हणून मधु दंडवत्यांचा उल्लेख करतो. १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षे ते राजापूरचे खासदार. त्यांचे आत्मवृत्त २००५ साली आले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना १९७७ नंतर त्या फळीवर गादी कोणी घातली हे सांगावयास नको.

आता गिरणगावाकडे परत येतो. १९५७ साली मध्य मुंबईतून डांगे लोकसभेत गेले, १९६७ साली पुन्हा गेले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या रोझा देशपांडे गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. आणि १९८४ च्या डिसेंबरात दत्ता सामंत दक्षिण-मध्य मुंबईतून अपक्ष निवडून आले. डांग्यांनी शेकडो भाषणे आणि लेख मागे ठेवले, आत्मचरित्र नाही. डॉक्टरांना तर वेळच मिळाला नाही. १६ जानेवारी १९९७ ला त्यांचा खून झाला. मधल्या काळात, १९८३ साली, केंद्र सरकारने मुंबईच्या तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. या तेराच का, बाकीच्या का नाहीत, संप मिटविण्यासाठी दिल्लीत कोणी काय प्रयत्न केले आणि कोणी मोडता घातला, याचा आतून लिहिलेला जबाब मला कोठे सापडला नाही. संपकरी बायाबापड्यांच्या तोंडची हकीकत नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी मोठ्या कष्टाने गोळा केली, तिचा मराठी ग्रंथ आहे. म्हणजे खालची बाजू लिहिली गेली. वरची राहिली.

माझे वडील साचेखात्यात होते. वर्तमानपत्रात लोकसभेचा वृत्तांत आला की ते मला वाचावयास लावीत आणि विचारीत, “आपल्याविषयी कोणी बोलले का रे?” बहुतेक दिवशी मला नाही म्हणावे लागे. आता त्या चर्चांची जुनी वृत्ते यंत्रावर घरबसल्या पाहता येतात. गेल्या दिवाळीत मी ती चाळली. तेव्हा कळले की पुष्कळदा कोणीतरी बोललेले असे. वर्तमानपत्राने छापलेले नसे. वडिलांना हे सांगावयाचे राहून गेले.

म्हणून कोणाही खासदाराच्या आठवणी वाचताना मी एक सवय ठेवली आहे. प्रसंगाची तारीख शोधावयाची आणि त्या दिवसाचे सभागृहाचे वृत्त उघडावयाचे. कधी लेखकाची आठवण पक्की निघते. कधी तो दिवशी बोललेलाच नसतो.

आपल्या भागातून दिल्लीला गेलेल्यांना आपण पत्रे लिहिली, निवेदने दिली, त्यांची उत्तरेही काही घरांत आली असतील. चाळी पाडल्या जात आहेत, ट्रंका रिकाम्या होत आहेत. असे कागद कोणापाशी असतील तर ते रद्दीत घालण्यापूर्वी या व्याख्यानमालेच्या चालकांना दाखवावेत. त्यांनी ते उतरवून घेण्याचे मान्य केले आहे. मूळ प्रत ज्याची त्याला परत मिळेल.